फ्लॅशबॅक २०१२ : एक त्रुटी, तीन ऑपरेटिंग सिस्टीम आणि ४९ दिवस

नवा संगणक घेताना एक वाक्य हमखास कानावर पडते: विंडोजला व्हायरस लागतो, मॅकला लागत नाही, लिनक्सचा तर प्रश्नच नाही. आकड्यांच्या हिशेबाने हे वाक्य फारसे चुकीचे नाही. संगणकांसाठी आजवर लिहिल्या गेलेल्या घातक प्रोग्रॅमांपैकी फार मोठा हिस्सा विंडोजसाठीचा आहे, आणि झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून घरी परत आणलेल्या माणसाला त्याचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. अडचण येते ती कारण सांगताना. मॅक आणि लिनक्स युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या घराण्यातले, त्यांची बांधणीच पक्की, म्हणून तिथे व्हायरसला थारा मिळत नाही, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की त्या प्रणाली वापरणारेच थोडे, म्हणून त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे आपापल्या जागी ठाम राहिले आहेत, कारण दोन प्रणालींमध्ये इतक्या गोष्टी एकाच वेळी वेगळ्या असतात की फरक नेमका कशाने पडला हे बाजूला काढून दाखवता येत नाही.

२०१२ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत घडलेले फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रॅमचे प्रकरण म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. त्यात निर्णायक ठरलेली त्रुटी एकच होती, ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये होती ते तिन्ही प्रणालींवर चालत होते, आणि तिच्यावरचा उपायही तत्त्वतः तिन्हींसाठी एकच होता. तरीही सुमारे ६ लाख यंत्रांचे जे बॉटनेट, म्हणजे हल्लेखोरांच्या ताब्यातल्या यंत्रांचे जाळे, उभे राहिले, ते ज्या प्रणालीला व्हायरस लागत नाही असे समजले जाई तिच्यावर. या प्रकरणातून माझा निष्कर्ष असा की प्रणालीची बांधणी महत्त्वाची असली, तरी त्याहून अधिक निर्णायक ठरतो तो प्रश्न म्हणजे त्रुटी सापडल्यावर ती बुजवण्याचे काम कोणाकडे आहे आणि ते किती दिवसांत वापरकर्त्यापर्यंत पोचते.

पूर्वपीठिका

फ्लॅशबॅक पहिल्यांदा सप्टेंबर २०११ मध्ये इंटेगो या मॅकसाठी सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या नजरेस आला. तेव्हाचे त्याचे रूप साधे होते. फ्लॅश प्लेअरचा इन्स्टॉलर असल्याची बतावणी करणारी एक फाईल वेबसाइटवरून दिली जाई आणि वापरकर्ता ती स्वतःच्या हाताने बसवून घेई. नावही त्यावरूनच पडले. ही बतावणी खपण्यासारखी होती, कारण त्या सुमारास मॅक फ्लॅशशिवायच विकले जात होते आणि व्हिडिओ पाहायचा तर फ्लॅश शोधून बसवावाच लागे. ऑक्टोबरमध्ये सापडलेल्या पुढच्या रूपाने आणखी एक पाऊल टाकले: मॅकमध्ये २००९ पासून असलेल्या एक्सप्रोटेक्ट या अंगभूत तपासणी यंत्रणेचा अद्ययावत होण्याचा भागच त्याने निकामी करून टाकला.

इथपर्यंत ही फसवणूक माणसाची होती, यंत्राची नव्हे. माणसाला फसवून त्याच्याच हाताने घातक प्रोग्रॅम बसवून घेणे कोणत्याही प्रणालीवर शक्य असते आणि त्यावरून प्रणालींची तुलना फार पुढे जात नाही. तुलनेला खरा आधार मिळाला तो फेब्रुवारी २०१२ पासून, जेव्हा हल्लेखोर जावाकडे वळले.

त्रुटी नेमकी काय होती

जावा ही त्या काळी जवळपास प्रत्येक संगणकावर सापडणारी गोष्ट होती. वेबपानात बसवलेले छोटे जावा प्रोग्रॅम, म्हणजे ॲपलेट, ब्राउझरला जोडलेल्या प्लग-इन या पूरक प्रोग्रॅमद्वारे चालत. बँकांची, सरकारी कामकाजाची, शिक्षणाची कितीतरी पाने त्यावर अवलंबून असत. अनोळखी पानावरचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर चालवणे धोक्याचे, म्हणून जावाने ॲपलेटला सँडबॉक्स नावाच्या कुंपणात ठेवलेले असे. कुंपणातल्या प्रोग्रॅमला डिस्कवरच्या फाइली वाचता येत नसत, नवी फाईल लिहिता येत नसे, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नसे.

सीव्हीई या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१२-०५०७ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी या कुंपणात होती. ॲटॉमिकरेफरन्सॲरे या नावाचा एक वर्ग, म्हणजे वस्तू घडवण्याचा साचा, जावात आहे. त्याच्या पोटात एक ॲरे, म्हणजे वस्तूंची क्रमवार यादी, असतो आणि त्यात वस्तू ठेवताना ती योग्य प्रकारची आहे की नाही याची नेहमीची तपासणी वेगासाठी गाळलेली होती, कारण तो ॲरे सर्वसाधारण प्रकारचाच असणार असे गृहीत धरले होते. हल्लेखोराने या वर्गाची वस्तू सरळ मार्गाने न बनवता, हाताने घडवलेल्या बाइट्समधून जावाकडून उलगडून घेतली की तिच्या पोटात भलत्याच प्रकारचा ॲरे बसवता येई. मग एका प्रकारची वस्तू दुसऱ्या प्रकारची म्हणून जावाच्या गळी उतरवता येई आणि त्या गोंधळातून सर्व अधिकार असलेला कोड चालवता येई. कुंपणाच्या या भगदाडाचा खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमशी काही संबंध नव्हता. जो जावा विंडोजवर फसे, तोच मॅकवर आणि लिनक्सवरही तसाच फसे.

१४ फेब्रुवारी २०१२ रोजी जावाची मालक कंपनी ओरॅकलने जावाच्या सहाव्या आवृत्तीचे ३१ वे आणि सातव्या आवृत्तीचे ३ रे अपडेट प्रसिद्ध करून ही त्रुटी बुजवली. लिनक्सवर बहुधा वापरला जाणारा ओपनजेडीके हा मुक्त जावाही फेब्रुवारीतच दुरुस्त झाला आणि लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी, म्हणजे लिनक्सचे तयार संच देणाऱ्यांनी, तो आपापल्या भांडारांतून पुरवला. मॅकसाठीचे अपडेट आले ३ एप्रिलला. मधले दिवस ४९.

मॅकला उशीर का झाला

हा उशीर आळसातून झाला असे म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे एक जुनी व्यवस्था होती. विंडोजसाठीचा जावा ओरॅकल स्वतः बनवी आणि स्वतःच वापरकर्त्याला देई. मॅकसाठीचा जावा मात्र ॲपल स्वतः बनवत असे: ओरॅकलकडून, आणि त्याआधी सन मायक्रोसिस्टम्सकडून, मूळ कोड घ्यायचा, तो मॅकवर जुळवून घ्यायचा, तपासायचा आणि सॉफ्टवेअर अपडेटमधून पाठवायचा. तीन सोसायट्यांत एकाच कंपनीचे पंप बसवले आहेत, एका सोसायटीत कंपनीचा माणूस थेट येऊन भाग बदलून जातो, दुसरीची कमिटी भाग येताच तो बसवून घेते, आणि तिसऱ्या सोसायटीची कमिटी म्हणते की भाग ऑफिसात ठेवून जा, आमचा माणूस सवडीने बसवेल, तशातला हा प्रकार होता. कमिटीचा हेतू वाईट नसतो. सगळे एकाच हाताखाली राहावे एवढीच तिची इच्छा असते.

ही व्यवस्था धोक्याची आहे हे तीन वर्षांपूर्वीच दिसून आले होते. सीव्हीई-२००८-५३५३ ही जावातली आणखी एक त्रुटी सनने डिसेंबर २००८ मध्ये बुजवली होती. मॅकवर ती मे २००९ पर्यंत उघडीच राहिली, तेव्हा एका प्रोग्रॅमरने ती वापरून दाखवणारा नमुना जाहीरपणे प्रसिद्ध केला आणि त्यानंतर जूनमध्ये ॲपलचे अपडेट आले. ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलने स्वतःचा जावा पुढे सांभाळण्यात रस उरलेला नसल्याचे जाहीर केले, आणि जुलै २०११ मध्ये आलेल्या लायन या मॅक प्रणालीच्या आवृत्तीत जावा आधीपासून बसवलेला नव्हता. गरज पडली तरच तो उतरवून घेतला जाई. म्हणजे २०१२ च्या सुरुवातीला मॅकवरचा जावा ज्याच्या हाती होता त्याला तो नकोसा झाला होता, आणि ज्याने तो घडवला त्याच्या हाती तो अजून आलेला नव्हता. अशा अधांतरी अवस्थेत राहिलेले सॉफ्टवेअर हल्लेखोराच्या दृष्टीने सोन्याची खाण असते.

यात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे त्रुटी कुठे आहे तेही प्रसिद्ध होणे. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून पाहिला की काय बदलले ते जाणकाराला कळते, आणि काय बदलले ते कळले की आधी काय चुकले होते तेही कळते. १४ फेब्रुवारीची दुरुस्ती विंडोजवाल्यांसाठी संरक्षण होती आणि मॅकवर नेम धरून बसलेल्यांसाठी सविस्तर माहितीपत्रक. डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीच्या माहितीनुसार फेब्रुवारीत ही टोळी जुन्या दोन जावा त्रुटींवर काम भागवत होती, त्यांपैकी एक वर सांगितलेली २००८ चीच, आणि १६ मार्चनंतर ती सीव्हीई-२०१२-०५०७ कडे वळली. म्हणजे दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ३१ दिवस या टोळीकडे ते हत्यार नव्हते, आणि पुढचे १८ दिवस ते हाती असताना समोरचा दरवाजा सताड उघडा होता.

संसर्ग कसा होई

हल्लेखोरांनी वर्डप्रेसवर चालणारे असंख्य ब्लॉग आधी हॅक करून ठेवले होते. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या अंदाजात त्यांची संख्या दहा-दहा हजारांत मोजावी लागे आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेतले होते. असे पान उघडले की ब्राउझर गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर नेला जाई आणि तिथले ॲपलेट चालू होई. ॲपलेट कुंपण ओलांडून वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये एक छोटी फाईल लिही, जिचे नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती फाइंडर या मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसत नसे, आणि ती दर वेळी आपोआप चालू व्हावी म्हणून त्याच वापरकर्त्याच्या लायब्ररी फोल्डरमधील लाँचएजंट्समध्ये एक नोंद करी. या दोन्ही कामांना पासवर्ड लागत नाही. वापरकर्त्याने काहीही क्लिक केलेले नसे, काहीही बसवलेले नसे.

यानंतरची पायरी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते. हा प्रोग्रॅम पुढे जाण्याआधी यंत्रावर काही ठरावीक ठिकाणी काही ठरावीक गोष्टी आहेत का ते पाही: लिटल स्निच हे बाहेर जाणाऱ्या जोडण्या दाखवणारे साधन, एक्सकोड ही प्रोग्रॅमरांची हत्यारपेटी, व्हायरसबॅरियर, आयअँटिव्हायरस, अवास्ट आणि क्लॅमएक्सएव्ही हे अँटिव्हायरस, आणि एचटीटीपीस्कूप व पॅकेट पीपर ही नेटवर्कवरची वाहतूक तपासणारी साधने. यांतले एकही सापडले की फ्लॅशबॅक स्वतःला पुसून टाकून निघून जाई. सहा लाख यंत्रांना पुरून उरलेला हा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर नुसता एखादा मोफत अँटिव्हायरस पडून होता तिथे थांबायलाही तयार नव्हता. त्याला पकडले जाण्याची भीती होती, आणि न पाहणारी यंत्रे इतकी मुबलक होती की पाहणाऱ्याच्या नादी लागण्याची गरजच नव्हती. मॅकला अँटिव्हायरस लागत नाही या समजुतीचा हा थेट परिणाम म्हणता येईल.

तपासणीत काही आढळले नाही तर सॉफ्टवेअर अपडेटच्या खिडकीसारखी दिसणारी एक खिडकी उघडून ॲडमिन पासवर्ड मागितला जाई. तो दिला तर फ्लॅशबॅक सफारी ब्राउझरच्याच मांडणीत बदल करून आपला कोड सफारीबरोबर चालू होईल अशी सोय करी. पासवर्ड नाकारला तर? तर तो दुसरी वाट धरी: वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट डॉट पीलिस्ट नावाची फाईल लिहून, त्या वापरकर्त्याने उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपला कोड जोडला जाईल असे करी. ही दुसरी वाट धरण्याआधी तो वर्ड, ऑफिस आणि स्काइप यंत्रावर आहेत का तेही पाही आणि असतील तर माघार घेई, कारण त्याचा कोड आत शिरल्यावर असे प्रोग्रॅम बंद पडत आणि वापरकर्त्याला संशय येई.

बांधणीचा मुद्दा

युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींच्या बाजूने जो मुख्य युक्तिवाद केला जातो, तो इथेच तपासून पाहता येतो. मॅक ओएस एक्स ही नेक्स्टस्टेप आणि बीएसडी या युनिक्सच्या घराण्यातील जुन्या प्रणालींच्या पायावर उभी आहे. तीत प्रणालीच्या फाइली आणि वापरकर्त्याच्या फाइली यांची मालकी वेगळी असते आणि रूट हे सर्वाधिकारी खाते मुळात बंद ठेवलेले असते. याउलट विंडोज एक्सपीवर घरगुती वापरकर्ता बहुधा ॲडमिन म्हणूनच वावरत असे आणि त्याने चालवलेला कोणताही प्रोग्रॅम प्रणालीच्या गाभ्यापर्यंत पोचू शके. हा फरक खरा होता आणि २००१ ते २००४ या काळात कोड रेड, स्लॅमर, ब्लास्टर यांसारख्या किड्यांनी, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमांनी, विंडोजची जी दैना केली तिचे काही श्रेय, किंवा अपश्रेय, अशा ढिल्या रचनेकडे जाते. मायक्रोसॉफ्टनेही ते ओळखले: ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये फायरवॉल आपोआप चालू राहू लागली, पुढे व्हिस्टामध्ये ॲडमिनची कामे करताना परवानगी विचारणारी खिडकी आली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवर पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काहीतरी चालू होण्याची सोयही अपडेटद्वारे बंद करण्यात आली.

परंतु फ्लॅशबॅकला प्रणालीच्या गाभ्यात शिरायचेच नव्हते. त्याला माणसाचा ब्राउझर हवा होता. गूगलवर शोध घेताना येणाऱ्या निकालांत ढवळाढवळ करून जाहिरातींवरचे क्लिक आपल्याकडे वळवणे हा त्याचा धंदा होता, आणि तो करायला वापरकर्त्याचे साधे खाते पुरेसे होते. आपल्या संगणकातले जे काही मोलाचे असते, पत्रे, फोटो, बँकेत केलेला प्रवेश, ते सारे त्या साध्या खात्याच्याच हद्दीत असते. प्रणालीच्या फाइली परत बसवता येतात. मालकीची विभागणी एका वापरकर्त्याचे दुसऱ्यापासून आणि प्रणालीचे सर्वांपासून रक्षण करते. वापरकर्त्याच्याच नावाने वावरणाऱ्या प्रोग्रॅमपासून खुद्द त्या वापरकर्त्याचे रक्षण करण्यासाठी ती आखलेलीच नव्हती. एकाच यंत्रावर अनेक जण काम करत त्या काळात ती घडली आणि त्या काळाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती उत्तम आहे.

तेव्हा बांधणी निरुपयोगी म्हणायची का? तसेही नाही. एन्व्हायर्नमेंट डॉट पीलिस्टची वाट त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या माउंटन लायन या मॅकच्या पुढच्या आवृत्तीत बंद झाली, आणि २०१५ च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून प्रणालीच्या संरक्षित प्रोग्रॅमांमध्ये अशा रीतीने परका कोड जोडणे अशक्यप्राय झाले. या दोन बदलांनी फ्लॅशबॅकसारख्या प्रोग्रॅमचे हातपाय बांधले गेले असते. माझा आक्षेप बांधणीला नसून ती एकदा केली की कायमची पुरते या समजुतीला आहे.

शोध आणि मोजणीचा वाद

४ एप्रिलला डॉक्टर वेबने साडेपाच लाखांहून अधिक मॅक बाधित असल्याचे जाहीर केले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेत, सुमारे एक पंचमांश कॅनडात आणि त्याखालोखाल ब्रिटनमध्ये होते. लगोलग आकडा ६ लाखांवर गेला आणि त्यात ॲपलचे मुख्यालय असलेल्या क्युपर्टिनोतील २७४ यंत्रे असल्याचेही डॉक्टर वेबच्या विश्लेषकाने सांगितले. सुरुवातीला अनेकांचा यावर विश्वास बसला नाही. पुढे कॅस्परस्कीने स्वतंत्रपणे मोजणी केली आणि आकडा तेवढाच निघाला. जगभरात साडेचार कोटी मॅक वापरात आहेत असे धरले तर हे प्रमाण एक टक्क्याच्या वर जाते, आणि विंडोजवर २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉन्फिकर या किड्याच्या प्रमाणाशी त्याची तुलना तेव्हा केली गेली ती याच हिशेबाने.

मोजणी शक्य झाली ती हल्लेखोरांच्याच पद्धतीमुळे. बाधित यंत्र रोज तारखेवरून नवनवी डोमेन नावे तयार करून आपल्या मालकाचा शोध घेई, आणि ट्विटरवरही ठरलेल्या चिन्हांमध्ये लिहिलेला पत्ता धुंडाळी. नावे तयार करण्याची रीत उलगडल्यावर डॉक्टर वेबने त्यातली काही डोमेन स्वतःच विकत घेतली आणि बाधित यंत्रे त्यांच्याच सर्व्हरकडे येऊ लागली. प्रत्येक यंत्र येताना आपल्या हार्डवेअरचा एकमेव ओळख क्रमांक सांगे, त्यामुळे एकच यंत्र दोनदा मोजले जाण्याची शक्यता फार कमी होती. १६ एप्रिलला त्यांच्याकडे ७,१७,००४ आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे क्रमांक, आणि ५,९५,८१६ ओळख क्रमांक नोंदले गेले. नुसते पत्ते मोजणाऱ्याचा हिशेब किती फुगतो ते या दोन आकड्यांवरून कळते. त्याच सुमारास सिमँटेक या सुरक्षा कंपनीचा आकडा दीड लाखाच्याही खाली उतरला होता. डॉक्टर वेबने त्याचे कारण असे दिले की एक अज्ञात सर्व्हर बाधित यंत्रांची जोडणी उघडीच ठेवून त्यांना खोळंबवत होता, आणि खोळंबलेली यंत्रे पुढच्या कोणाच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती.

एक गंमतीचा आणि तितकाच बोलका भाग म्हणजे, डॉक्टर वेबच्या प्रमुखांनी नंतर सांगितल्यानुसार, त्यांनी मोजणीसाठी घेतलेले एक डोमेन घातक समजून बंद करावे अशी विनंती ॲपलने नोंदणी कंपनीकडे केली होती. मायक्रोसॉफ्टला दशकभराच्या मारामुळे अँटिव्हायरस कंपन्यांशी रोजचे बोलणे ठेवायची सवय लागली होती. ॲपलला तशी वेळच आली नव्हती, आणि ओळखदेख नसल्याने मदत करणारा आणि चोर यांतला फरक कळायला वेळ लागला.

दुरुस्ती

३ एप्रिलच्या अपडेटने त्रुटी बुजली, पण आधीच बाधित झालेली यंत्रे तशीच राहिली. १० एप्रिलला ॲपलने फ्लॅशबॅक शोधून काढून टाकणारे साधन तयार करत असल्याचे सांगितले आणि १२ एप्रिलला ते जावाच्या नव्या अपडेटबरोबरच पाठवले. या अपडेटने लायनवर ब्राउझरमधील ॲपलेट आपोआप चालणेही बंद केले. वापरकर्त्याला हवे तर ते पुन्हा चालू करता येई, पण बरेच दिवस एकही ॲपलेट चालले नाही तर प्लग-इन परत बंद होई. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. जे चालूच नाही त्यातली त्रुटी कोणाला वापरता येत नाही.

तोच मुद्दा आकड्यांतही दिसतो. डॉक्टर वेबच्या नोंदींनुसार बाधित यंत्रांपैकी सुमारे ६३ टक्के स्नो लेपर्ड या लायनच्या आधीच्या आवृत्तीवर, २५ टक्के त्याहून जुन्या लेपर्डवर आणि केवळ ११ टक्के लायनवर होती, जरी त्या वेळी वापरात असलेल्या मॅकपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लायनवर होते. लायनच्या पदरात हे यश पडले ते बव्हंशी त्यात जावा आधीपासून नव्हता म्हणून. एकाच कंपनीच्या एकाच प्रणालीच्या दोन लागोपाठच्या आवृत्त्यांत एवढा फरक पडतो, तर मॅक विरुद्ध विंडोज अशी सरसकट विभागणी किती ढोबळ आहे हे वेगळे सांगायला नको.

विंडोज आणि लिनक्स यांचे काय झाले

विंडोजवर हीच त्रुटी मार्चमध्ये सर्रास वापरली गेली. ब्लॅकहोल या, भाड्याने मिळणाऱ्या हल्ल्याच्या संचात ती आली आणि जावा अद्ययावत न केलेली असंख्य विंडोज यंत्रे त्यात सापडली. घड्याळाजवळच्या कोपऱ्यात जावाच्या कपाचे चित्र उगवते, अपडेट घ्या म्हणते, आणि आपण ते बंद करतो, हे तेव्हा घरोघरी चाले. तेव्हा विंडोज या प्रसंगी सुरक्षित होती असे कोणी म्हणू नये. फरक असा की विंडोजवर जो बेसावध तो फसला, आणि मॅकवर १६ मार्च ते ३ एप्रिल या काळात जो सावध तोही फसू शकत होता, कारण त्याने घ्यावे असे अपडेट अस्तित्वातच नव्हते. दुबळेपणाचे हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि दुसरा अधिक गंभीर आहे, कारण त्यावर वापरकर्त्याच्या हाती जावा बंद करण्यावाचून इलाज नसतो.

लिनक्सवर बहुतेक सर्व सॉफ्टवेअर वितरणाच्या एकाच भांडारातून येते आणि प्रणालीबरोबरच अद्ययावत होते, त्यामुळे जावाची दुरुस्ती वेगळी शोधावी लागली नाही. मात्र या टोळीने लिनक्ससाठी काही लिहिलेच नव्हते; तिथल्या व्यवस्थेची या प्रसंगी परीक्षाच झाली नाही आणि तिच्या नावावर विजय लिहिणे बरोबर होणार नाही. लिनक्सचाच गाभा असलेल्या अँड्रॉइडवर पुढे जे झाले ते पाहिले की हे अधिक पटते: गाभ्यातली दुरुस्ती गूगलकडून निघाल्यावर फोन बनवणाऱ्या कंपनीमार्फत ग्राहकापर्यंत पोचायला महिने लागत आणि स्वस्त फोनांवर ती पोचतच नसे. मॅकवरच्या जावाचेच दुखणे तिथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर उमटले.

वापरकर्त्यांची संख्या हेच खरे कारण, या दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यालाही या प्रकरणात आधार आहे, पण मर्यादित. सिमँटेकने केलेल्या विश्लेषणात असे दिसले की जाहिरातींवर क्लिक घडवणारा अंतिम भाग जेमतेम १०,००० यंत्रांवर पोचला होता, आणि तीन आठवड्यांत त्यातून सुमारे १४,००० डॉलरची कमाई जमा झाली, तीही बहुधा हल्लेखोरांना प्रत्यक्षात मिळाली नाही. सुरुवातीला रोजचे १०,००० डॉलर असा अंदाज होता. विंडोजवरच्या टोळ्यांच्या मानाने हा चिल्लर धंदा होता. तरीही तो कोणाला तरी करावासा वाटला, याचा अर्थ मॅकची संख्या २०१२ पर्यंत किफायतीच्या उंबरठ्यावर आली होती. आणि त्या उंबरठ्यावर आल्यावर झालेला हा संघटित प्रयत्न इतका यशस्वी ठरला.

पुढे काय बदलले

एप्रिल २०१२ च्या अखेरीस ओरॅकलने मॅकसाठी जावाची सातवी आवृत्ती स्वतः द्यायला सुरुवात केली आणि ऑक्टोबरमध्ये ॲपलने आपल्या जावाचे प्लग-इन ब्राउझरमधून काढूनच टाकले. जूनमध्ये ॲपलच्या संकेतस्थळावरील, मॅकला पीसीचे व्हायरस लागत नाहीत या अर्थाचा मजकूर जाऊन मॅक सुरक्षित राहावा अशा रीतीने बांधला आहे, या अर्थाचा सौम्य मजकूर आला. २००६ मधल्या जाहिरातीत पीसीच्या १,१४,००० व्हायरसांची खिल्ली उडवली होती त्या मानाने ही भाषा बरीच जपून वापरलेली होती. ओळखीच्या प्रोग्रॅमरांनी सही केलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी गेटकीपर ही यंत्रणा माउंटन लायनबरोबर आली. ती फ्लॅशबॅकचा हा उद्रेक उघडकीस येण्याआधीच जाहीर झालेली होती, आणि ब्राउझरमधील त्रुटीतून शिरणाऱ्या कोडला तिने अडवले नसते, हे तिचे श्रेय मोजताना ध्यानात घ्यावे लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये जावाच्याच आणखी एका त्रुटीतून खुद्द ॲपलच्या काही कर्मचाऱ्यांचे मॅक बाधित झाल्याचे कंपनीने मान्य केले.

लेपर्ड वापरणाऱ्यांसाठी जावाची दुरुस्ती आलीच नाही. एप्रिलमध्ये त्यांना ब्राउझरमधला जावा बंद करण्याचा सल्ला मिळाला आणि १४ मे रोजी फ्लॅशबॅक काढून टाकणारे साधन. वापरातल्या मॅकमध्ये त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आत असताना बाधितांमध्ये तो २५ टक्के होता, आणि त्यांची प्रणाली बाजारात येऊन तोवर पाच वर्षेही झालेली नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये इंटेगोने पुन्हा काही डोमेन घेऊन मोजणी केली, तेव्हा किमान २२,००० मॅक अजूनही त्या बेवारस बॉटनेटच्या मालकाचा शोध घेत होते.